डाव्या हाताची पेटी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर माझ्या तोंडून एकच नाव निघतं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. 'सर' एवढंच लिहीन. ते नाव मी एकदा लिहिलं होतं, अगदी मनापासून, सगळ्या गावाला दिसेल असं. त्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. गावाचंही नाव देत नाही. पवनी तालुक्यात अड्याळच्या पुढे तलाव, शाळा आणि धानाची गिरणी असलेली बरीच गावं आहेत, त्यातलं एक समजा. पुढे आणखी एका व्यक्तीचा उल्लेख येईल. ती बाई आहे, अमुक ठिकाणी कामाला होती, असं मी सांगेन. ते धरून चालू नका. मुद्दाम बदललं आहे.

सर स्वतःच्या घरात शिरतानाही कडी वाजवत. दार सताड उघडं असायचं, काकू समोरच तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, तरी सर उंबऱ्याबाहेर थांबून कडी वाजवायचे.

"कोन?" काकू मान वर न करता विचारायच्या.

"मीच आहो."

"तुमचंच घर हाये ना जी, या की मंग!"

"तू म्हटलं म्हणून आलो," असं म्हणून सर चपला काढायचे.

काकू आम्हाला सांगायच्या, "लगन होऊन आली तवापासून हेच पाहून राहिली. मले तर वाटे, बाप्पा, मानूस नवरा हाये का भाडेकरू?"

वर्गात सर पुस्तकातली मराठी बोलायचे आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की आमच्यासारखी. पण दोन्ही भाषांत त्यांचं वागणं एकच होतं. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले की ते खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक बोरीचं झाड आणि हापसा. आम्हा ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या पोरांच्या डब्यात भात आणि सुके झिंगे असायचे. कोणाच्या डब्यात नुसता भातच असायचा. मला वाटायचं, सरांना वास सहन होत नाही. पुष्कळ मोठा झाल्यावर, नोकरीच्या ठिकाणी स्वतःचा डबा उघडताना एकदम लक्षात आलं की ते आमचे डबे पाहायचे नाहीत, इतकंच.

परीक्षेचे पेपर तपासताना नावाचा कोपरा दुमडून ठेवायचे. एसटीत शेजारच्यानं मोबाईल उघडला की डोळे मिटून घ्यायचे. एकदा भंडाऱ्याहून येताना मी त्यांच्या शेजारी होतो. म्हणालो, "सर, झोप आली का?"

"नाही गा. त्याच्या घराचं दार उघडं हाये. आत कसं पाहू?"

स्वतःचा त्यांचा फोन बटनांचा होता. घरी कोणी आलं की तो आतल्या खोलीत नेऊन टोपल्याखाली झाकायचे. "पाहुण्यासमोर दुसरा पाहुणा नोको," म्हणायचे. लोक हसायचे. मीही हसायचो.

पण सरांची खरी ओळख म्हणजे पेटी. पेटी कसली, रॉकेलचा जुना पत्र्याचा डबा, वर चीर पाडलेली, आणि अंगावर चुन्यानं लिहिलेलं: डावा हात. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास पेटीचा. सर फळ्याकडे तोंड करून खुर्चीवर बसायचे, आमच्याकडे पाठ. आम्ही ज्याला जे विचारायचं, सांगायचं, तक्रार करायची ते कागदाच्या तुकड्यावर लिहून पेटीत टाकायचं. नाव घालायचं नाही, आणि लिहायचं डाव्या हातानं, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. वर्गात एक मुलगा डावखुरा होता. त्याला उजव्या हातानं लिहायला लावायचे, तेव्हा तो रडकुंडीला यायचा. मग सर वळायचे आणि एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायचे. त्यांच्या स्वतःविरुद्धची आधी. 'सर नाकात बोलतात.' 'सर भूगोल नुसता वाचून दाखवतात.' वाचायचे आणि उत्तर द्यायचे. आम्ही एकमेकांकडे बघून कोणाची असेल ते ताडायला लागलो की म्हणायचे, "हात कोणाचा ते पाहू नका. म्हणणं काय ते पाहा."

एकदा एक चिठ्ठी त्यांनी मनातल्या मनात वाचली आणि चार तुकडे केले. वर्गातल्या एका मुलीबद्दल काहीतरी घाण लिहिलेलं होतं, एवढंच आम्हाला कळलं. सर म्हणाले, "नाव लपवायची सवलत दुबळ्यासाठी आहे. तिच्या आडून दुबळ्यालाच दगड मारणार असाल तर पेटी बंद." पुढे बरेच शनिवार पेटी कपाटावर पडून राहिली.

आणि एकदा कोणीतरी लिहिलं की मोठे गुरुजी दुपारी ऑफिसात घोरतात. सरांनी तीही वाचली. भिंतीपलीकडे ऑफिस. मोठे गुरुजी तणतणत आले.

"आणा ती चिठ्ठी इकडे. अक्षरावरून काढतो मी कोण आहे ते!"

सरांनी चिठ्ठीची गोळी केली, तोंडात टाकली आणि माठातलं पाणी प्याले.

"हे काय केलंत?"

"आता ती माझ्या पोटात आहे गुरुजी. म्हणजे माझीच. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

पेटीत पडलेली एक चिठ्ठी माझी होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बाबा तलावात जाळं टाकणारे. मी नागपूरला कॅमेरे आणि हजेरीची यंत्रं बसवणाऱ्या एका लहान कंपनीत लागलो. गावात माझा मान वाढला. गावाचा एक फेसबुक ग्रुप होता, त्याचा मी अॅडमिन झालो. आधी त्यावर वाढदिवस आणि हरवलेल्या म्हशी असायच्या. मग ग्रामपंचायतीनं गावात कॅमेरे बसवायचं ठरवलं आणि ग्रुप पेटला.

कॅमेरे मीच सुचवले होते. तलावातली मासोळी चोरीला जायची, बाबांसारख्यांची वर्षाची मेहनत कोणीतरी जाळं मारून न्यायचं. म्हणून चौकात, शाळेसमोर आणि तलावाच्या घाटावर असे कॅमेरे लागले. चित्र दिसायचं ते पंचायतीच्या एका पडद्यावर आणि सरपंचबाईंच्या यजमानांच्या मोबाईलवर. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. आणखी कोणाकोणाच्या मोबाईलवर दिसायचं ते मी विचारलं नाही.

ग्रुपवर दिवसभर वाद चालायचा. कोणी लिहायचं, "सरकारले सगळं मालूमच हाये. आधार जोडलं, ब्यांक जोडली, आता लाजता कायले?" त्यावर दुसरा, "आमच्या बुडीचा अंगठा मशीनवर उठत नाही, तिले कोनीच वळखत नाही. तिच्यासाठी बी एक कॅमेरा लावा, ती जित्ती हाये म्हणून सांगाले." कोणी विचारायचं, "मासोळ्यायची परवानगी घेतली का?" मी मात्र गंभीरपणे लांबलचक लिहायचो. सुरक्षितता, पारदर्शकता, पाळत आणि देखरेख यांतला फरक. आणि शेवटी हमखास एक वाक्य: ज्याला काही लपवायचं नाही त्याला भीती कसली? त्या वाक्यावर मला पुष्कळ अंगठे मिळायचे.

मग एक नवीन खातं आलं. नाव होतं 'डावा हात'. चित्राच्या जागी वेडंवाकडं लिहिलेलं एक अक्षर. पहिलीच पोस्ट अशी: "घाटावरचा कॅमेरा मासोळीचोर पाहण्यासाठी असेल तर त्याचं तोंड पाण्याकडे पाहिजे. ते पायऱ्यांकडे आहे. पायऱ्यांवर बाया धुणं धुतात, आंघोळ करतात. हे चित्र कोणाच्या मोबाईलवर जातं आणि ते लोक चहा पिताना ते पाहून काय बोलतात, हे मला माहीत आहे. हात कोणाचा ते पाहू नका. म्हणणं काय ते पाहा."

गाव हादरलं. भाऊसाहेबांच्या माणसांनी लिहिलं, "हिंमत असेल तर नाव सांग." 'डावा हात' नाव सांगेना, पण लिहीत राहिला. सरपंचबाई आहेत तर निर्णय त्यांचे यजमान का घेतात, रोजगार हमीवरच्या बायांचे हजेरीचे फोटो कोणाकडे साठतात, असं बरंच काही.

मी वाचलं आणि मला खात्रीच पटली. हे दुसरं कोण असणार? पेटीचं नाव, वाक्य तेच, चीड तीच. सरांकडे बटनांचा फोन आहे हे मला आठवलं, पण मी मनाशी म्हटलं, कोणीतरी टाईप करून देत असेल. माझा ऊर भरून आला. ज्यांनी मला घडवलं ते या वयात गावासाठी लढताहेत, आणि लोक त्यांना भेकड म्हणताहेत! पटत नसलं तरी माझे सर आहेत, त्यांचा मान मीच राखला पाहिजे, असं मला वाटलं.

म्हणून मी पोस्ट लिहिली. 'डावा हात म्हणजे आमचे सर.' पूर्ण नाव लिहिलं. शाळेतला जुना फोटो लावला. पेटीची गोष्ट, चिठ्ठी गिळल्याची गोष्ट, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'सर, मी आपल्या मताशी सहमत नाही, पण आपला विद्यार्थी असल्याचा मला अभिमान आहे. आता उघडपणे बोला, आम्ही आपल्यासोबत आहोत.' लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं. आजवर माझ्या कोणत्याच लिखाणाची इतकी वाहवा झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. ते एरवी मला कामाच्या वेळेत फोन करत नाहीत.

"काय लिवलं रे तुनं?"

"काहून बाबा?"

"सरले ठान्यात बलावलं. भाऊसाहेबानं तक्रार देल्ली, बदनामी केली म्हणून. मी संग गेलतो."

पुढचं सगळं बाबांच्या तोंडून ऐकलं. जमादार बाहेरगावचा, सभ्य माणूस. त्यानं सरांना खुर्ची दिली आणि विचारलं, "गुरुजी, हे खातं तुमचं आहे का? नसेल तर नाही म्हणा, विषय संपला. मग आम्ही शोधून काढू कोणाचं आहे ते."

सर म्हणाले, "माझंच आहे."

"मोबाईल दाखवा."

सरांनी रुमालात गुंडाळलेला बटनांचा फोन टेबलावर ठेवला. जमादारानं तो उलटसुलट करून पाहिला.

"यावरून फेसबुक कसं चालवलं तुम्ही?"

"डाव्या हातानं," सर म्हणाले.

"जमादार हासला," बाबा सांगत होते, "मी बी हासलो. सर नाही हासले. म्हणे, मी म्हणून राहिलो ना माझं हाये, मंग लिवून घ्या. मंग त्याईनं कागद आनला, यापुढं असं होनार नाही म्हणून. सरनं सही केली. सर लय वेळ पेन धरून बसले होते, बापू."

तक्रार तिथंच मिटली, पण भाऊसाहेबांचं समाधान झालं नाही. निवृत्तीनंतर सर पंचायतीच्या एका खोलीत वाचनालय चालवत होते. कोणी कोणतं पुस्तक नेलं याची ते नोंद ठेवत नसत. "कोन काय वाचते ते मले कायले पाहिजे?" असं म्हणत. पुस्तकं हरवायची, पण बरीचशी परतही यायची. भाऊसाहेबांनी हाच मुद्दा केला, नोंद नाही म्हणजे गैरव्यवहार. किल्ली काढून घेतली. पुस्तकं पोत्यांत भरून शाळेच्या पडवीत गेली आणि त्या खोलीत कॅमेऱ्यांचा नवा, मोठा पडदा आला. तो पडदा आमच्याच कंपनीनं बसवला. ते काम मला सांगितलं तेव्हा मी रजा टाकली. नाही म्हणालो असतो तर बरं झालं असतं. मी फक्त रजा टाकली.

'डावा हात' गप्प झाला. लोक म्हणाले, पाहा, सरच होते.

काही दिवसांनी मला एक फोन आला. आवाज ओळखीचा, माझ्या वर्गातली मुलगी. तीही पेटीत चिठ्ठ्या टाकणारी. ती तेव्हा पंचायतीतच कामाला होती, पहिल्या पडद्याशेजारच्या टेबलावर.

"तू लय हुशार ना रे," ती म्हणाली. "सगळ्या दुनियेले सांगतलं डावा हात कोनाचा. पेटी का सरनं एकट्यासाठी ठेवली होती? आपून सारे पोट्टे डाव्या हातानं लिवत होतो ना?"

मी फोन कानाशी धरून ऑफिसाच्या बाहेर आलो.

"मी होती ते. मी लिवत होती. तिथं बसून ते हासनं मी रोज आयकत होती. तुयी माय घाटावर येनं बंद झाली, हापशावर धुनं धुते, मालूम हाये का तुले? तू तिकडं लिवते, भीती कसली."

मला माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

"सरले 'माझंच हाये' असं काहून बोलू देल्लं?" ती रडायला लागली. "मी जाऊन सांगू का आता? माही नोकरी जाइन, घरचे मारतीन, पन सरनं कायले भोगावं?"

मी तिला थांब म्हटलं आणि शनिवारी गावी गेलो. सरांच्या दारात उभा राहिलो आणि कडी वाजवली. दार उघडंच होतं.

"ये," सर म्हणाले. काकूंनी चहा टाकला.

"सर, माझी चूक झाली."

"कोनती?"

"तुमचं नाव लिहिलं मी."

"बरोबर लिवलं होतं की. शुद्धलेखनाची एक बी चूक नव्हती म्हणे." ते हसले. मला हसू येईना.

"सर, तुम्ही नव्हता. मला कळलं कोण होतं ते. ती मुलगी..."

सरांनी एकदम हात वर केला. मग उठले, खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसले. थेट शनिवारच्या तासासारखे.

"नोको सांगू."

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"मले कसं मालूम राहीन?"

"मग तुम्ही कोणासाठी सही केली?"

"जमादार म्हणे, तुमी नाही म्हटलं तर आमी शोधू. तेवढं मले पुरे होतं." त्यांची पाठ हलली नाही. "आता तुले मालूम झालं. ते तुह्याच जवळ ठेव. मी मेलो तरी तोंडातून काढू नोको. आन मापी-फिपी लिवू नोको तिथं. सर नव्हते असं लिवशीन, तर मंग कोन होतं म्हणून पुन्हा निघतीन सारे हुडकाले."

म्हणजे माझी चूक मला पुसताही येणार नव्हती. जिथं सरांचं नाव लावलं तिथंच ते राहणार होतं, कारण ते काढलं तर खाली दुसरं नाव दिसणार होतं. पोस्ट मी नुसती गायब केली असती तरी लोकांनी विचारलं असतं, काहून काढली? मी तशीच तिथं ठेवली. अजूनही वर्षातून एकदा फेसबुक ती मला आठवण म्हणून दाखवतं, आणि कोणीतरी खाली हात जोडल्याचं चित्र टाकतं.

चहा निवेपर्यंत सर पाठ करून बसले होते. मी निघालो तेव्हाही वळले नाहीत. काकू दारापर्यंत आल्या.

"मानूस रागावला नाही तुह्यावर," त्या हळूच म्हणाल्या. "वाचनालयाच्या वेळेले मातर रोज अंगरखा घालून बसते, जायाचं हाये तसं."

ती मुलगी पुढे गावातून गेली, तिचं बरं चाललं आहे. ज्यांनी तिला शोधायचं ठरवलं असतं ते आता दुसऱ्या भांडणात आहेत. म्हणून इतक्या दिवसांनी हे लिहिण्याची मी हिंमत केली, तीही सगळ्या खुणा बदलून. त्या भेटीनंतर मी सरांना एक पत्र पाठवलं होतं, पोस्टानं. ते इथं देतो. नाव तेवढं काढलं आहे.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी उजव्या हातानं लिहितो आहे आणि खाली माझं पूर्ण नाव घालतो आहे. तुम्ही नको म्हणालात ते नाव यात नाही. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, घरीही नाही.

घाटावरच्या कॅमेऱ्याचं तोंड आता पाण्याकडे आहे. भाऊसाहेब म्हणतात, वादळानं फिरलं. आई पुन्हा घाटावर जाऊ लागली. ग्रुप मी दुसऱ्याकडे दिला. 'भीती कसली' हे वाक्य मी परत कधी लिहिलं नाही, पण आधी जितक्यांदा लिहिलं ते सगळं तिथं आहे, आणि ते वाचून आई हापशावर गेली नसली तरी मला तसंच वाटतं.

सातवीत असताना पेटीत एक चिठ्ठी आली होती. 'अपूर्णांक कळत नाही. हात वर करायची लाज वाटते.' तुम्ही ती वाचली आणि म्हणालात, हे मलाच नीट शिकवता आलेलं नाही, पुन्हा पहिल्यापासून करू. सोमवारी तुम्ही भाकरी आणली आणि तिचे तुकडे करत पहिल्यापासून शिकवलं. ती चिठ्ठी माझी होती. चिठ्ठी वाचताना किंवा भाकरी मोडताना तुम्ही फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं असतं, तर मी शाळा सोडून बाबांबरोबर तलावावर गेलो असतो.

तुम्ही पाहिलं नाहीत. आणि मी तुमचा फोटो लावून गावाला दाखवला.

वाचनालयाची पुस्तकं शाळेच्या पडवीतून मी आमच्या घरी आणून ठेवली आहेत. ओसरीतली खोली बाबांनी रिकामी केली आहे. तुम्ही आलात तर दाराला कडी आहे. कोणी काय नेलं हे आम्ही लिहून ठेवणार नाही.

तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत असं काकू म्हणाल्या. ते मला सोसत नाही. रागावून काही लिहावंसं वाटलं तर डाव्या हातानं लिहा आणि नाव घालू नका. कोणाचं आहे ते मी शोधणार नाही.

आपला विद्यार्थी